पकड सुटलेलं प्रथिन

मी एक प्रथिन बोलतोय. व्याकरणाने खरं तर ‘बोलतंय’ म्हणायला हवं. पण मला घडवणारी ताई पहिल्यापासून म्हणायची, “हा तरी टिकेल असं वाटतंय,” म्हणून मीही स्वतःला ‘तो’च समजत आलो.

प्रथिन म्हटलं की तुम्हाला दूध आणि अंडी आठवतील. माझा त्यांच्याशी फारसा संबंध नाही. निसर्गात माझ्यासारखं दुसरं कुणी नाही. ताईने मला संगणकाच्या पडद्यावर आखलं. चार लांब पिळदार दांड्या एकमेकींना टेकून उभ्या, आणि मधोमध एक अरुंद पोकळी. असा मी. त्या पोकळीत एक चपटी चकती बसवायची होती. तिचं नाव हीम. तिच्या मध्यभागी लोखंडाचा एकच अणू असतो, आणि तुमचं रक्त लाल दिसतं ते तिच्यामुळेच.

ती चकती घट्ट धरून ठेवायची, एवढंच माझं काम. तिच्यावरचं लोखंड विषारी वायू पकडणार होतं. कोळसा किंवा गॅस अर्धवट जळला की जो वायू होतो, तो. तो रक्ताला असा चिकटतो की माणूस श्वास घेत असूनही गुदमरतो. मी रक्तात शिरून तो वायू ओढून घ्यावा, असा ताईचा बेत होता.

हा बेत कुठून आला, ते मला मिस्त्रीमुळे कळलं. मिस्त्री म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. सुतार होता. एका थंडीत न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू ठेवून अंघोळीला गेला आणि आतच कोसळला. दार फोडून बाहेर काढला तेव्हा जिवंत होता, पण हात पूर्वीचे राहिले नाहीत. खिळा धरायला गेला की बोटं थरथरायची. बोलताना मध्येच शब्द हरवायचा. घरी बघायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ताई त्याला प्रयोगशाळेत घेऊन यायची.

तो स्टुलावर बसून, थेंब मोजून घ्यायच्या नळ्यांना लावतात ती प्लास्टिकची बारीक टोकं डब्यांत भरायचा. एका भोकात एक टोक. इतरांना कंटाळवाणं वाटणारं हे काम तो दुपारभर करी. कामात लक्ष असलं की त्याची जीभ ओठांबाहेर यायची. बाकीचे हसायचे, पण प्रेमाने. “मिस्त्री, आज किती दारं बसवली?” असं विचारायचे. तोही म्हणायचा, “बिजागऱ्या संपल्या, उद्या या.”

माझा जन्म जिवाणूंच्या पोटात झाला. ताईने माझा आराखडा त्यांच्यात घातला, त्यांना उबेत ठेवून हलवत राहिली, मग त्यांना फोडून मला वेगळं काढलं. तेव्हा मी पाण्यासारखा रंगहीन होतो. मग तिने हीमचे थेंब सोडले. चकती पोकळीत शिरली आणि मी लाल झालो. त्या क्षणी आपण कशासाठी आहोत ते मला समजलं. असं सुख पुन्हा मिळालं नाही.

ताईने त्या वायूचे बुडबुडे माझ्यातून सोडले. माझा लाल रंग झटकन उजळला.

“ताई, रंग बदलला!” मिस्त्री ओरडला.

“हो रे, बदलला.”

“म्हणजे औषध झालं? मग मी परत रंधा धरणार?”

ताईने काचेची नळी उजेडात धरली. बराच वेळ धरून ठेवली.

“बघू,” ती म्हणाली.

पुढची परीक्षा रक्ताची. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, आणि भरपूर असतं. मला त्याच्यात सोडलं. थोड्याच वेळात माझं लोखंड गंजल्यासारखं झालं, चकती सैल पडली आणि अल्ब्युमिनने ती ओढून नेली. मी धरायचा प्रयत्न केला. पण माझी पकड जेवढी आखली होती तेवढीच होती. अशी सुटलेली हीम मूत्रपिंडं खराब करते. म्हणजे मी औषध तर नव्हतोच, उलट अपाय होतो.

ताई हरली नाही. तिने माझी धाकटी भावंडं केली. एकाची पकड एवढी घट्ट की वायूला आत शिरायला जागाच नाही. एक जन्मतःच फाटलेल्या दुधासारखा साकळला. एक माझ्याहून थोडा जास्त टिकला, पण थोडाच. दर वेळी ताई खुर्चीत मागे टेकायची आणि दोन्ही तळव्यांनी डोळे दाबायची.

शेवटी विभागाचे सर आले. बोलताना ते टेबलाची कड पुसत होते.

“हे बघ, तू खूप केलंस. मी कुठे नाही म्हणतोय? पण ही जागा आता बॅटरीवाल्या गटाला द्यायचीय.”

“आणखी एकच रचना करून बघते, सर.”

“मागच्या वेळीही तू हेच म्हणालीस.”

ते गेल्यावर मिस्त्रीने विचारलं, “मग पुढचा कधी करणार?”

“पुढचा नाही आता.”

“मग माझे हात?”

ताई त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. “अरे, हे तुझ्यासाठी नव्हतंच. वायू अंगात गेल्या गेल्या द्यायचं औषध होतं हे. तुझं जे जायचं ते त्याच दिवशी गेलं. ते आता कशानेही परत येत नाही.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“रोज सकाळी तू अंघोळ करून, भांग पाडून दारात उभा असायचास. कसं सांगायचं होतं मी?”

त्याने हातातला डबा पूर्ण भरला, झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी ताई एकटीच आली. नंतर तिने शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीला सांगितलं, “भिंतीकडे तोंड करून पडून असतो. हाक मारली तर ‘कशाला’ म्हणतो.”

आज आमचा फ्रीजर रिकामा केला. माझी भावंडं कचऱ्याच्या पिशवीत गेली. मी टेबलावर राहिलोय, वितळतोय, तळाशी पांढरा गाळ साचू लागलाय. ताईने मला एकदा उचललं, नळीवरची स्वतःच्या अक्षरातली खूण वाचली आणि परत ठेवलं. सफाईवाल्या मावशींनी विचारलं, “हे पण टाकायचं का, बाई?”

“हो, टाका.”

मला तिच्यावर राग नाही. तिने मला नीट घडवलं, मीच पुरा पडलो नाही. मिस्त्रीसाठी तर मी कधीच काही करू शकणार नव्हतो. पण पुढच्या थंडीत कुणाच्या तरी घरी गिझर पेटेल. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, माणसाला नुसती झोप आल्यासारखं वाटतं. तेवढी खिडकी उघडी ठेवा. मी काही येणार नाहीये.