खंडोजीच्या दाढीशी माझं भांडण

खंडोजीचं त्या दिवसांतलं वागणं मला मुळीच पटलं नव्हतं. रोज सकाळी फोरमन त्रिविक्रम सार, म्हणजे आमचे साहेब, तपासायला आले, की हा शहाणा मला डाव्या हातानं गालावर घट्ट दाबून धरायचा आणि सगळं सरी आहे, ठीक आहे अशी मान डोलवायचा. त्यांची पाठ वळली की हात खाली. खोटेपणा त्याचा आणि बदनाम मात्र मी.

मित्रांनो, मी एक जुनी रबरी मुसकी आहे. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ती नव्हे. माणसाच्या नाकातोंडात धूळ जाऊ नये म्हणून कारखान्यात चढवतात ती. माझं खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे म्हणतात. मला वाचता येत नाही आणि कामगारांना ते नाव उच्चारता येत नव्हतं, म्हणून आमचं मुसकीवर जमलं.

माझा जन्म विलायतेचा. मद्रासच्या बंदरात उतरले आणि मालगाडीनं बेंगळूरला, यशवंतपूरच्या एका कारखान्यात आले. काळंभोर मऊ रबर, डोक्यामागं जाणारे दोन पट्टे आणि तोंडापुढं एक डबा. डब्यात लोकरीचा जाड थर. चहा गाळावा तशी हवा त्यातून गाळून आत जाते. मला बघून नाकं मुरडणारे पुष्कळ भेटले. मुरडेनात का, ती नाकं शाबूत राहिली ती माझ्यामुळंच.

त्या कारखान्यात ओतीव लोखंडाचे भाग साफ करत. बंद खोलीत उभं राहून नळीनं त्यांच्यावर वाळूचा मारा करायचा. वाळू फुटून तिची इतकी बारीक धूळ होते की डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणारी धूळच छातीत खोल जाऊन बसते. माझ्या आधी तिथं शिवाप्पा नावाचा गडी नाकाला पंचा बांधून हे काम करी. मी आले तेव्हा त्याला दारावर राखणीला बसवलं होतं. दारापासून नळापर्यंत जायचं म्हटलं तरी तो वाटेत भिंत धरून धापा टाकत उभा राही. त्याच्या जागी खंडोजी आला आणि मी खंडोजीची झाले.

खंडोजीचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. पहिल्या शनिवारी त्यानं मला धुवायला घरी नेलं, तेव्हा त्याची आई जमनाबाई म्हणाली, हे डुकराचं तोंड कुठून उचलून आणलंस. मला राग आला. पण मी कशासाठी आहे हे त्यानं समजावलं आणि बाईनं मला पदरानं पुसून थेट देवळीत ठेवलं. तेव्हापासून दर रविवारी रिठ्याच्या पाण्यात माझी आंघोळ. डब्यातली लोकर ती भिजू देत नसे, आणि मला सावलीतच वाळवायचं हा तिचा हुकूम. एकदा सुनेनं, भाग्यलक्ष्मीनं, मला उन्हात ठेवलं. तेव्हा सासू म्हणाली, "तुझी भाकरी एक वेळ करपू दे, मी खाईन. हिला करपवलंस तर मात्र ऐकून घेणार नाही." बाईची जीभ तिखट होती. मला ती मनापासून आवडली. इतक्या निगुतीनं मला पुन्हा कोणी वागवलं नाही. पुढं नव्या मुसक्या आल्या, मी कोठीत पडले आणि माझं रबर चिरलं, ते निराळं.

आता माझी नीट बसण्याची खूण सांगते. मला चढवायचं, डब्याचं तोंड तळहातानं झाकायचं आणि श्वास ओढायचा. मी गालांना चिकटून आत ओढले गेले, तर कुठं फट नाही. कडेनं फुस्स झालं, तर मी असून नसल्यासारखी. खंडोजीच्या गुळगुळीत गालांवर मी फणसाच्या चिकासारखी बसायची. खंडोजी घरीसुद्धा ही गंमत आईला करून दाखवी.

मग भाग्यलक्ष्मीला दिवस गेले. आमच्या इकडं बायको गरोदर असताना नवरा केसांना वस्तरा लावत नाही. आदल्या खेपेला खंडोजीनं हे मानलं नव्हतं आणि ते मूल पोटातच गेलं. लोक नाही नाही ते बोलले. या वेळी जमनाबाईनं त्याला बजावून सांगितलं, पण खरं तर त्याला सांगायची गरजच नव्हती. दाढी वाढू लागली, आणि दाढीचं व माझं भांडण जुंपलं.

त्रिविक्रम सारांनी स्वच्छ सांगितलं होतं: दाढी ठेवायची तर या खोलीत पाऊल टाकायचं नाही, आणि दुसरं काम माझ्यापाशी नाही. खंडोजीनं मनाशी म्हटलं, थोडेच महिने तर काढायचे. म्हणून सार यायच्या आधीच मला चढवायचं, बाहेर दिसणारी दाढी पंच्यानं झाकायची आणि हात दाबून त्यांना फसवायचं. पट्टेही त्यानं असे आवळले की कानामागं वळ उठले. मी जीव तोडून चिकटायला बघायची, पण मधे केसांचं रान. प्रत्येक केसाशेजारून धूळ निवांत आत शिरायची. मला ओरडता येत असतं तर मी कारखाना डोक्यावर घेतला असता.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी धुळीत, रंगात, धुरात काम करत असेल, तर त्याला माझा निरोप सांगा. मला नुसतं तोंडावर बांधून भागत नाही. फोरमनला फसवता येतं, छातीला फसवता येत नाही.

एका रविवारी जमनाबाईनं मला उलटी केली. आतल्या कडेला राखाडी चिखल होता. एरवी तिथं घामाशिवाय काही नसे. तिनं तो चिखल बोटांत चोळला, तसा करकर वाजला. गेले काही दिवस खंडोजी सकाळी खोकत उठत होता, तेही तिच्या ध्यानात होतं. तिनं त्याला हाक मारली. तो म्हणाला, बाहेरची धूळ उडून बसली असेल. तिनं मला पुसलं आणि स्वतःच्या तोंडावर चढवलं. डब्यावर हात ठेवून श्वास ओढला. त्या सुरकुतलेल्या गालांना मी गच्च बिलगले. अशी संधी मी सोडते होय.

"आता तू लाव," ती म्हणाली. "स्वल्प, जरासं माझ्यासमोर. आणि डावा हात मागं ठेव, गालाला लावायचा नाही."

खंडोजीनं मला चढवलं. डब्यावर उजवा तळहात ठेवला, श्वास ओढला. दोन्ही गालांकडून फुस्स. भाग्यलक्ष्मी पोटावर हात ठेवून दारात उभी होती. तिलाही ते ऐकू गेलं.

त्यानं मला काढून हातात धरलं.

"आई, मागच्या वेळी मी दाढी केली होती," तो भाग्यलक्ष्मीकडं बघत म्हणाला. "पुन्हा तसंच झालं तर मी हिला तोंड कसं दाखवू?"

भाग्यलक्ष्मीनं डोळे पुसले, मग सावकाश पुढं येऊन पाट मांडला आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. त्याकडं बघून जमनाबाईनं मला खंडोजीच्या हातातून काढून घेतलं.

"खंडू, मागचं लेकरू तू दाढी केलीस म्हणून गेलं नाही. मी तेव्हाच हे बोलायला हवं होतं, बोलले नाही. आता ऐक. रिवाज मी सांगितला, मीच मोडते. देवाला काय विचारायचं असेल ते त्यानं मला विचारावं. येणाऱ्या लेकराला खांद्यावर घेऊन पेटभर, साऱ्या बाजारातून फिरवणारा बाप पाहिजे, दारात बसून धापा टाकणारा नको. बस त्या पाटावर. तुझा खोकला ऐकून न्हाव्याला मी सकाळीच सांगावा धाडलाय."