दोन ओळींचा बोर्ड

आपली बायको आपल्यापेक्षा चांगले लाइट करते, हे तानाजीला पहिल्यांदा कळलं ते दुसऱ्याच्या तोंडून. ते त्याला मुळीच आवडलं नाही.

तो डोंबिवलीत कोपरला राहायचा. नाटकांना आणि ऑर्केस्ट्रांना लाइट भाड्याने द्यायचा, स्वतःच चालवायचाही. त्याचा मदतनीस दुबईला गेला तेव्हापासून त्याची बायको जया त्याच्याबरोबर विंगेत बसायला लागली. आधी नुसती संहिता हातात धरून "आता" म्हणायची. मग कल्याणच्या एका प्रयोगात तापलेल्या स्पॉटलाइटवर तानाजीचा हात भाजला, आणि पुढचे दोन अंक जयाने सांभाळले.

प्रयोग संपल्यावर आबा आत आले. आबा म्हणजे नौपाड्यातल्या हौशी नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक, निवृत्त शिक्षक, उगाच कोणाचं कौतुक न करणारे.

"वहिनी," ते म्हणाले, "शेवटच्या प्रवेशात तुम्ही नटीसाठी थांबलात. असा उजेड मला वीस वर्षांत मिळाला नव्हता."

त्या वीसपैकी बारा वर्षं आबांचे लाइट तानाजीनेच केले होते.

तेव्हापासून फोन आला की लोक विचारायचे, "वहिनी येणार आहेत ना?" तानाजी "हो हो, येणार की" म्हणायचा आणि फोन आपटायचा. घरी भाजीत मीठ कमी असलं तरी त्याला तेवढं कारण पुरायचं. जयाला कळायचं नाही असं नाही. ती मिठाची बरणी पुढे सरकवायची.

१९९१च्या दिवाळीनंतर त्यांचा दिवे चालवायचा जुना बोर्ड पार थकला. बटण फिरवलं की दिवा हळू चढायच्या ऐवजी उडी मारायचा. नवा परवडणारा नव्हता. वागळे इस्टेटमध्ये विश्राम नावाचा एक लाइटवाला होता. त्याने परदेशी सामान आणलं होतं आणि त्याला दोन जुने बोर्ड काढून टाकायचे होते. एका रविवारी दोघं ते बघायला गेली.

पत्र्याच्या शेडमध्ये विश्रामने दोन्ही बोर्ड टेबलावर मांडून ठेवले होते. पहिला लांबट, हाताने चालवायचा. त्यावर वरखाली सरकणाऱ्या दांड्यांच्या दोन ओळी होत्या. एका ओळीवर चालू प्रवेशाचा उजेड असायचा, तोवर दुसरीवर पुढच्याची तयारी करायची, आणि कडेची मोठी दांडी ओढून एकातून दुसऱ्यात जायचं. दुसरा बोर्ड आटोपशीर, मेमरीचा. सगळे प्रवेश आधीच भरून ठेवायचे आणि प्रयोगात फक्त बटण दाबायचं.

तानाजीने लांबट बोर्डाची मागची पट्टी उघडली. धूळ फुंकली, तारा हलवून बघितल्या, एकेक दांडी सावकाश सरकवली. समोर भिंतीवर विश्रामने सहा दिवे लावून दिले होते. एकही लुकलुकला नाही.

"मी बघू?" जयाने विचारलं.

ती स्टुलावर बसली. बोटं दांड्यांवर ठेवली आणि भिंतीकडे बघत राहिली. हळूहळू त्या मळक्या भिंतीवर संध्याकाळ उतरली. आधी पिवळी, मग एका कोपऱ्यातून निळी होत गेलेली, आणि शेवटी एकच दिवा, कोणीतरी घरात वाट बघत बसल्यासारखा. बाहेर लेथवर काम करणारा माणूस दारात येऊन उभा राहिला.

"अहो तानाजीराव," विश्राम म्हणाला, "सात वर्षं हा बोर्ड मी चालवला. ह्यातून असं काही निघतं हे मला आज कळलं. वहिनींचा हात काय आहे हो!"

तानाजीने बोर्डाची मागची पट्टी परत लावली. तो हसला, पण ते हसू त्यालाच आंबट लागलं.

"आणि हा मेमरीवाला कसा आहे?"

"मशीन दोन्ही चांगली आहेत, खोटं कशाला बोलू? ह्या लांबट बोर्डाला बसणारा माणूस लागतो. मेमरीवाल्याला कोणीही चालतं. बटण दाबता आलं की झालं."

कोणीही चालतं. तानाजीने तेवढंच ऐकलं.

"हा मेमरीवालाच घेतो," तो म्हणाला.

जया स्टुलावरून उठली. "पण नटी रोज तेवढ्याच वेळात बोलते का? कधी थांबते, कधी घाई करते. मशीनला कसं कळणार?"

"तुला काय कळतं गं मशीनमधलं?"

विश्राम उगाच दुसरीकडे बघायला लागला. जयाने पर्स खांद्याला लावली आणि रिक्षा बघायला बाहेर गेली.

पुढच्या प्रयोगाला तानाजी एकटाच गेला. सगळे प्रवेश त्याने भरून ठेवले होते आणि प्रयोगात एकही चूक झाली नाही. शेवटच्या प्रवेशात तेवढं नटीचं वाक्य संपायच्या आधी अंधार झाला. तिने उरलेले शब्द अंधारातच म्हटले. प्रेक्षकांना ते मुद्दाम केलंय असंच वाटलं असेल.

आबा आत येऊन म्हणाले, "छान. सुटसुटीत झालं." दारापर्यंत जाऊन ते वळले. "वहिनी का नाही आल्या?"

महिन्याभराने आबा स्वतः कोपरला घरी आले. ठाण्याला स्पर्धेचा प्रयोग होता. विश्रामकडचा दोन ओळींचा बोर्ड अजून विकला गेला नव्हता, तो त्यांनी भाड्याने ठरवला होता.

"दिवे तुमचेच, तानाजीराव. बोर्डावर मात्र वहिनी हव्यात."

जया चहाचे कप घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं.

"मला काय विचारतेस?" तानाजी म्हणाला. "तुझं तू ठरव."

"मग येते मी," जया आबांना म्हणाली.

प्रयोगाच्या दिवशी तानाजीने दिवे लावून दिले आणि प्रेक्षागृहात येऊन बसला. इतक्या वर्षांत नाटक समोरून बघायची त्याची ही पहिलीच वेळ. पहिल्या अंकात तो जयाची चूक शोधत होता. दुसऱ्या अंकात ती चुकावी अशी त्याने प्रार्थनाच केली म्हणायला हरकत नाही. ती चुकली नाही. उजेड असा यायचा की आला हे कळायचंही नाही. शेजारची बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "किती सुंदर दिसतंय ना?" तानाजीला उठून जावंसं वाटलं.

तिसऱ्या अंकात नटीच्या चेहऱ्यावरचा दिवा एकदा थरथरला. मग परत. प्लग सैल झालाय हे तानाजीला बसल्या जागी कळलं. तो बाजूच्या दाराने विंगेत गेला. कोणाचा तरी पाय वायरीत अडकला असावा. प्लग अर्धा बाहेर आला होता. त्याने दाबून बघितला, पण सॉकेट झिजलेलं, वायरीच्या ओझ्याने तो पुन्हा सुटायला लागला. जया चार हातांवर बोर्डापाशी होती. तिला सगळं दिसत होतं, पण जागचं हलता येत नव्हतं.

शेवटचा प्रवेश सुरू झाला होता. नटीच्या तोंडावर तो एकच दिवा. तानाजीने प्लगवरचा हात काढला असता तर तो विझला असता, आणि लोक म्हणाले असते, बाईमाणसाला कुठे जमतंय. ते सगळ्यांत आधी म्हणणारा आपणच असू, हेसुद्धा त्याला दिसत होतं.

त्याने हाताला रुमाल गुंडाळला आणि प्लग घट्ट दाबून धरला. नटी बोलता बोलता थांबली. उजेडही थांबला. तानाजीने मान वर करून जयाकडे बघितलं. ती आपल्या हातांकडे बघतच नव्हती. नटीबरोबर तिचे ओठ हलत होते. शेवटचा शब्द गेला, आणि त्याच्यामागून उजेड श्वास सोडावा तसा गेला.

टाळ्या पडल्या. लोक विंगेत आले आणि जयाभोवती गोळा झाले. तानाजी वायर गुंडाळत बसला. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही, आणि ते त्याला टोचलंच.

सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "काल मला तो प्लग सोडून द्यावासा वाटत होता."

"माहितीये," जया म्हणाली. "तुमचं तोंड मला दिसत होतं."

"आणि वागळे इस्टेटमध्येही... तू नको बसायला म्हणून मी तो मेमरीवाला घेतला."

"तेही माहितीये." तिने कप खाली ठेवला. "चारचौघांत मला काय कळतं म्हणालात. ते मी विसरणार नाही. काल प्लग धरलात म्हणूनसुद्धा नाही."

तानाजीने दोन्ही कप उचलून मोरीत ठेवले.

"मेमरीवाला ऑर्केस्ट्राला ठेवा, तिथे तो चांगलाय. नाटकांना मी दोन ओळींचा आणणार. विश्रामभाऊंशी मीच बोलते."

ती त्याची परवानगी मागत नव्हती. तानाजीने मान हलवली.

त्याच आठवड्यात तो बोर्ड टेम्पोने कोपरला आला. दोघांनी मिळून तो वर चढवला. त्यानंतर ऑर्केस्ट्रा तानाजीकडे आणि नाटकं जयाकडे, अशी वाटणी झाली. तिच्या प्रयोगाला दिवे लावायला तो जायचा, पण समोर बसून नाटक बघायला त्याला पुढची दोन-तीन वर्षं जमलं नाही. मध्यंतरात कोणी विचारलं, "लाइट कोणाचे आहेत हो?" की तो म्हणायचा, "माझ्या बायकोचे." म्हणायला दर वेळी त्याला जड जायचं. तरी म्हणायचा.