मटकीतलं निळं पिल्लू

मित्रांनो, मी आमगावची एक जुनी मटकी आहे. पाण्याची नव्हे हं, पाखरांची! ईश्वरदास कुंभाराने मला चाकावर घडवलं, पोटाला भोक पाडलं आणि तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, जाळात भाजलं. तेव्हा वाटलं, भोकाच्या मटकीला कोण विचारणार?

पण शालीकरामने विचारलं. त्याच्याकडे बजरीगर होते. गावात त्यांना लव्हबर्डच म्हणतात. तिथे एका निळ्या मादीने माझ्या पोटात अंडी घातली. जोडीदार हिरवा, पिल्लंही सगळी हिरवीच निघाली. त्यांतला एक नर आणि दुसऱ्या एका निळ्या मादीची हिरवी लेक, अशी जोडी माझ्यासकट फुलवंताबाईंच्या घरी आली. त्यांच्या नातीने, चंचलने, हट्टच धरला होता.

इथे त्या जोडीला तीन पिल्लं झाली. दोघांना हिरवी पिसं फुटली, तिसऱ्याला निळी. मला काही नवल वाटलं नाही. दोन्ही आज्यांचा निळा रंग आईबापांत हिरव्याखाली दडून बसतो. दोघांकडूनही तो मिळाला, की पिल्लात उघडा पडतो.

फुलवंताबाईंनी मात्र आत डोकावून कपाळावर हात मारला. आदल्याच दिवशी अंगणातल्या तणसात साप निघाला होता ना!

"अवो माय! पिल्लू निळं पडलं. जहर चढलं त्याले!"

हिरवी पिल्लं त्यांनी टोपल्यात काढली आणि निळ्यासकट मला उचलून थेट उकिरड्याकडे निघाल्या. जहराची मटकी घरात नको म्हणे! माझा जीव टांगणीला लागला. मटकीला तोंड असतं, पण बोलता कुठे येतं?

चंचल आडवी आली. "आजी, काऊन फेकून राहिली?"

"सरक वो पोरी! मायबाप हिरवे, मंग हे निळं कसं?"

"आईबाबाचे डोळे काळे, मंग माहे घारे काऊन? मलेही साप डसला का?"

फुलवंताबाई जागीच थांबल्या. "हे तं माह्या मायचे डोळे होत," त्या हळूच म्हणाल्या. तेवढ्यात पिल्लाने भोकातून मान काढून त्यांचं बोट कडकडून चावलं.

"ठणठणीत आहे मेलं!" म्हणत त्या हसल्या आणि मला घाईने खाली टेकवलं. काठाचा टवका उडाला, तो अजून तसाच आहे.

ते पिल्लू मोठं होऊन मादी निघालं. आता तीच निळी माझ्या पोटात अंडी उबवते. फुलवंताबाई रोज बाजरी घालतात आणि भोकाला डोळा लावून पुसतात, "या डावाले कोन्ता रंग वो, माय?"

मित्रांनो, टवका उडाला म्हणून मटकी फेकू नका. आणि वेगळ्या रंगाचं पिल्लू दिसलं, तर आधी त्याला दाणापाणी द्या. मग त्याच्या आजीची चौकशी करा.