कुंपणाच्या आधीचा फोटो

"जोधपूर," राजाराम गवस म्हणाले आणि चहात बुडवलेलं बिस्कीट तसंच धरून बसले. बिस्कीट विरघळून तळाला गेलं तरी त्यांना पत्ता नव्हता.

सुगंधाने कप काढून घेतला आणि नवऱ्याच्या फोनवरच्या विमानाच्या फोटोखाली लिहिलं, 'नागपूर. मागची पाण्याची टाकी बघा, जिना बाहेरून आहे.' खाली नेहमीसारखं, रा. गवस.

पटापट अंगठे उमटले. "सर, मानलं तुम्हाला!"

हवाई दलात विमानाचा पत्रा दुरुस्त करण्यात राजारामांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर चारकोपच्या या दोन खोल्यांत त्यांना कसली गोडी असेल तर फोनवरच्या या ग्रुपची. म्हातारी झालेली विमानं चौकात, शाळेत, छावणीच्या फाटकाशी उभी करतात. त्यांचे जुने फोटो लोक इथे टाकत आणि कुठे काढलाय ते ओळखायचं. नियम एकच: खूण सांगा, नाहीतर ठिकाण धरलं जाणार नाही.

मग राजाराम प्रत्येक फोटोला जोधपूर म्हणायला लागले. डॉक्टरांनी मान हलवली. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'सरांचं वय झालं आता.' ते वाचून सुगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या दिवसापासून उत्तरं ती द्यायला लागली. खोटं तर खोटं. नवरा घरात कोण आहे ते विसरला होता, निदान बाहेर तरी त्याला कोणी सर म्हणावं.

विमानांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण या सगळ्या छावण्यांत तिने संसार केला होता. बाकीचे शेपटीवरचा नंबर बघत बसायचे, आणि नंबर तर विमानाबरोबर गावोगाव फिरतो. सुगंधा विमानामागे बघायची. टाकी, कँटीनचं छप्पर, कपडे वाळत घालायची तार. ती कुठे जात नाहीत.

दुपारी मुलुंडच्या प्रांजलने, ग्रुप चालवणाऱ्या पोराने, नवा फोटो टाकला. 'सर, हा कोणालाच येत नाहीये. ठिकाण आणि साल. सगळी भिस्त तुमच्यावर.'

विटांच्या ओट्यावर विमान, पंखावर ओळीने बसलेली पोरं, मागे कँटीनचं उतरतं छप्पर आणि कंबरेपर्यंत चुना लावलेला कडुनिंब.

सुगंधाने छावणी बघताक्षणी ओळखली.

त्या छावणीचं नाव या घरात कोणी घेत नसे. त्यांचा मुलगा हर्षद तेव्हा चौथीत होता. शाळा सुटली की पोरं विमानावर चढायची. इंजीन नसलेलं विमान, त्याची कोणाला भीती? हर्षदला पहिल्यांदा पंखावर बसवलं ते राजारामांनीच, मोठ्या कौतुकाने. उतरवायलाही तेच. खाली उभं राहून दोन्ही हात वर धरायचे आणि पोर बिनधास्त अंग टाकायचं. त्या दिवशी ते कँटीनमध्ये दोस्तांबरोबर चहा पीत होते. हर्षदने हाक मारली. "थांब, आलोच," म्हणाले आणि कप संपवत बसले. पोराला वाटलं, आले. त्याने अंग टाकलं. खाली विटांचा ओटा होता.

हर्षद गेल्यावर विमानाला काटेरी कुंपण घातलं.

सुगंधाने नवऱ्याला त्या कपभर चहाची माफी कधी दिली नाही. तोंडाने बोललीही नाही, नुसतं जेवायला वाढत राहिली. आता तो विसरून मोकळा झाला होता आणि लक्षात ठेवायचं काम तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं. याचाही तिला राग यायचा.

फोटोत कुंपण नव्हतं. तिने तो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. पोरांचे चेहरे म्हणजे नुसते डाग. यातला आपला कोणता? आईला स्वतःचं पोर ओळखता येऊ नये, याची तिला लाज वाटली आणि रडू आलं.

'ओळखता येत नाही' असं लिहिता आलं असतं. पण मग पुन्हा तेच, सरांचं वय झालं. तिने छावणीचं नाव लिहिलं, साल लिहिलं, कडुनिंबाची खूण सांगितली.

'वा सर! पण सालाची खूण?' प्रांजलने विचारलं.

'विमान त्याच साली ठेवलं. अजून कुंपण नाही.'

'कुंपण नंतर घातलं का?'

'एक मुलगा पडला. त्यानंतर घातलं.'

 मग त्याने लिहिलं, 'बापरे. तुम्ही तेव्हा तिथेच होता का सर?'

'होय.' खाली तिने लिहिलं, रा. गवस.

त्यावरही दोन-तीन अंगठे उमटले. काही लोक वाचत नाहीत, नुसता अंगठा देतात.

"काय बघतंस गो?" राजाराम शेजारी येऊन टेकले. तिने फोन लपवला नाही. आता ते जोधपूर म्हणतील, म्हणजे संपलं, असं तिला वाटलं. ते म्हणाले नाहीत. पुढे वाकले, डोळे बारीक केले.

"झील अजून वरच हा, आपलो हर्षद," ते म्हणाले. "हाक मारता मगाधरना. आयकाक येणा नाय तुका?"

"येता," सुगंधा म्हणाली. "आयकाक येता."

"मगे गप कित्याक बसलंस? पडात ना तो."

राजारामांनी दोन्ही हात वर करून धरले होते, तळवे उघडे. ते हात खाली घेईनात. सुगंधाने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग फोन त्या हातांत ठेवला आणि बाहेरून आपले हात लावून धरून ठेवला.