काल्याचा घास

शालनबाईंनी नवऱ्याला तीर्थ पाजलं ते एकादशीच्या सकाळी. चांगल्या मनानं पाजलं. मारुतराव अर्धांगवायूनं पडलेले, नाकात नळी, तोंडानं थेंबभरही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण तीर्थ म्हणजे काय पाणी असतं होय? आणि पळीभरच तर होतं. मारुतराव ठसकले, काळेनिळे पडले. पाणी छातीत उतरलं, निमोनिया झाला आणि ते दवाखान्यात आयसीयूच्या काचेआड गेले. कीर्तनात बुवा सांगतात, देव भावाचा भुकेला. खरंच आहे ते. शालनबाईंकडे भाव उदंड होता. पण घशाला भाव कळत नाही.

मारुतराव वाचले, घरी आले. शालनबाईंच्या आत मात्र काहीतरी बंद पडलं ते पडलंच. रडू नाही, भूक नाही, रागसुद्धा नाही. दिघीतल्या त्यांच्या घरात वर भाडेकरू भांडत, पलीकडे मिलिटरीच्या हद्दीत मोर ओरडत. कानावर पडे सगळं, आत जात नसे.

मुलगा रणजीत चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. सुट्टीच्या दिवशी तो म्हणाला, "आई, अण्णांना पुनावळ्याच्या नर्सिंग सेंटरला ठेवू. तिथं कायम माणसं असतात."

"मी हाय की."

"तू आहेस म्हणूनच बोलतोय." बोलून गेला आणि फरशीकडे बघत राहिला. "तुला कुणाला नाही म्हणता येत नाही गं. उद्या कुणी काढा आणंल, कुणी अंगारा. तू पाजशील."

शालनबाईंनी मारुतरावांची चादर सारखी केली. चाळीस-एक वर्षांचा संसार. तो माणूस परक्या खाटेवर, परक्या हातांत जाणार. याचं दुःख व्हायला हवं होतं. झालं नाही. फक्त त्यांना ते नको होतं, दगडाला जागचं हलायला नको असतं तसं. महिनाअखेरपर्यंत बघू, एवढ्यावर रणजीत कबूल झाला.

मग रणजीतनं दिवसापुरती लावलेली अंजली आली. रुग्णसेवेचा कोर्स केलेली, गळ्यात बुद्धाचं बारीक पदक, तोंडाची फटकळ. "काकी, नुसतं बघत बसू नका, हात लावा. मी काय जन्मभर येणार नाही. आधी काकांना सांगायचं, मग हात लावायचा."

"यांना सांगायचं? यांनी जन्मात मला इचारून काय केलं न्हाई."

"मग आता तुम्ही विचारून उट्टं काढा!"

अंजली हसली. शालनबाईंचे ओठ हलले नाहीत, पण हात शिकले. लुळा हात पोटावर घ्यायचा, गुडघा दुमडायचा, एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि आपल्याकडे वळवायचं. पाठीला उशी. माकडहाडावर लाली दिसली तर चोळायचं नाही, तिथला भार काढायचा. नळीतून पेज देताना डोकं वर, दिल्यावरही बराच वेळ वरच. बोटाला ओलं गॉज गुंडाळून हिरड्या पुसायच्या, गॉज पिळून घ्यायचं.

"पिळून का घ्यायचं?" अंजलीनं विचारलं.

"थेंब घशात जाऊ नये."

"शाब्बास, काकी."

शाब्बासकीही कुठं पोचली नाही.

गावच्या सप्ताहाची सांगता रविवारी होती. अंजलीची सुट्टी. मंडपातलं काल्याचं कीर्तन भोंग्यावरून घरात येत होतं. बुवांचा आवाज असा मोकळा, की ऐकणाऱ्याचं अंग हलकं व्हावं. मारुतराव पूर्वी या सप्ताहात वीणा घेऊन उभे राहत. शालनबाई त्यांच्या टाचा पुसत होत्या.

कीर्तन सुटलं आणि चुलतदीर उद्धवराव आले. कपाळाला बुक्का, हातात द्रोण, त्यात दह्यात कालवलेल्या लाह्या.

"वहिनी, दादाचा वाटा. बुवांनी सोताच्या हातानं दिलाय." खाटेशी वाकत ते म्हणाले, "दादा, आ कर. एकच घास."

मारुतरावांनी तोंड उघडलं. ओळखीचा वास होता तो.

शालनबाईंनी दिराचं मनगट धरलं.

आयुष्यात त्यांनी दिराच्या हाताला हात लावला नव्हता, आणि प्रसादाला नाही तर कधीच म्हटलं नव्हतं. दारात रणजीत येऊन उभा होता.

"तोंडात न्हाई, भावजी."

"अवो, काल्याचा परसाद हाय! देवाच्या परसादानं कुणाचं वाईट झालंय का कधी?"

"झालंय." त्यांचा आवाज सपाट होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "माझ्याच हातनं झालंय. सोडा तो घास."

उद्धवरावांनी बोटांतल्या लाह्या द्रोणात टाकल्या. त्यांना कुठं बघावं कळेना. मग त्यांनी द्रोण मारुतरावांच्या कपाळाला लावला, छातीला लावला आणि पुटपुटले, "पोचला बघा, वहिनी. देवाला काय घशाचीच वाट लागती व्हय?"

मारुतरावांचं तोंड उघडंच राहिलं होतं. शालनबाईंनी हनुवटीखाली हात देऊन ते हळू मिटलं.

रणजीत बाहेरच्या खोलीत गेला. फोनवर त्याचं बोलणं ऐकू आलं, "हां, ते पुनावळ्याचं... नको आता. नाही, घरीच ठेवतोय. आई करते."

शालनबाईंनी ते ऐकलं, शेजारच्या घरातली बातमी ऐकावी तसं. छातीत काही उसळलं नाही. द्रोणातला घास त्यांनी उभ्यानंच खाल्ला. दही आंबट असणार, कळलं नाही. मग मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, आणि मारुतरावांना कुशीवर वळवायला परत आल्या.