अंगणातला बर्फ

गुनवोरचं पत्र वसंतात आलं, आणि पानगळ झाली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. नवरा गेल्यापासून माझी ही धाकटी बहीण शहरात एकटीच होती. "दादा, तुझ्याकडे राहायला आले तर चालेल का?" तिनं विचारलं होतं. "फक्त बादल्या वाहणं आता जमणार नाही. कंबर गेलीय."

माझं घर जंगलात. वीज नाही. पाणी टेकडीवरच्या झऱ्याचं, तेही मी बादलीनंच आणायचो. 'ये' लिहायचं धाडस नव्हतं आणि 'नको' लिहवत नव्हतं. म्हणून उन्हाळाभर खणत राहिलो. झऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत छातीइतका खोल चर, त्यात उतारानं टाकलेली नळी. तोटी कधीच पुरती बंद करायची नाही; वाहतं पाणी सहसा गोठत नाही. अंगणात मात्र गुडघाभर खोलीवरच खडक लागला. तिथे नळीवर थर्मोकोलच्या जाड लाद्या टाकल्या. उरलेलं काम बर्फाचं. त्याची दुलई जागची हलली नाही, तर थंडी खाली उतरत नाही. एक कडक थंडी पार पडू दे, मग लिहू, असं ठरवलं.

पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी शेजारचा हालवार ट्रॅक्टर घेऊन आला आणि माझं अंगण साफ करू लागला. न सांगता शेजाऱ्याचा बर्फ काढायचा आणि मग आत येऊन कॉफी प्यायची, ही आमच्याकडची माणुसकी. तिला नको म्हणणं म्हणजे माणसाला दारातून हाकलणं. थांब म्हणायला मी दार उघडलं. त्यानं हात हलवला. मी आत जाऊन कॉफी ठेवली. पुढे प्रत्येक बर्फानंतर हेच.

जानेवारीत एका सकाळी स्वयंपाकघरात अगदी शांत वाटलं. धार थांबली होती.

हालवार आला तेव्हा मी ट्रॅक्टरसमोर जाऊन उभा राहिलो. नळी, खडक, बर्फ, बहीण, सगळं सांगून टाकलं. त्यानं इंजिन बंद केलं आणि उघड्या जमिनीकडे बघत राहिला.

"म्हणजे मी तुझं पाणी गोठवत होतो, आणि तू मला कॉफी पाजत होतास?"

"केकही," मी म्हणालो.

तो हसला नाही. माझं घर पुस्तकांनी भरलेलं, म्हणून तो मला पंडित म्हणतो. "पंडित, ती इथे आल्यावर हे झालं असतं तर? तेव्हाही मला वाईट वाटू नये म्हणून गप्पच बसला असतास?"

मी बादलीभर बर्फ आत नेऊन चुलीवर चढवला.

त्यानं कोट काढला. स्वयंपाकघरातून आम्ही गोठलेल्या नळीत एक बारीक रबरी नळी सरकवली, आणि तिच्यातून चुलीवरचं कढत पाणी सोडत, बर्फ वितळेल तशी ती पुढे ढकलत राहिलो. अंधार पडल्यावर गढूळ पाण्याचा लोट आला आणि हालवार कमरेपर्यंत भिजला. त्यानं मला आणि माझ्या पुस्तकांना दोन शिव्या हासडल्या. मग ओल्या कपड्यांनीच फावडं घेऊन माझ्याबरोबर बर्फ परत अंगणात लोटला.

त्यानंतर थंडी आणखी वाढली. धार थांबली नाही. हालवार आता ट्रॅक्टर रस्त्यावर सोडून चालत कॉफीला येतो.

मी लिहिलं : 'गुनवोर, घरात पाणी येतं. एकदा गोठलं होतं, ते सुटलं. पुन्हा गोठणार नाही असं वचन देता येत नाही, पण गोठलं तर हालवारला हाक मारीन. कळवायला फार उशीर केला. तुझा बेत बदलला नसेल, तर ये.'

चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचलं असतं तर फाडलं असतं, म्हणून तसाच रस्त्यापर्यंत गेलो आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.