झाकलेलं ताट

"गाय काढू नकोस गं. पाऊल काढ. पाऊल नीट उमटलं की गाय आपोआप येते."

हा सासूबाईंचा आवाज. त्या गेल्या त्याला वर्षं झाली, पण चातुर्मास लागला आणि पहाटे रांगोळीची डबी घेऊन मी देवापुढे बसले की तो ऐकू येतोच. गोपद्मांचं व्रत मुळात त्यांचं. देवापुढे रोज गाईची पावलं काढायची, चार महिने, अशी पाच वर्षं. त्या अर्ध्यावर गेल्या आणि राहिलेलं मी उचललं. मरोळच्या आमच्या दोन खोल्यांत गाय कुठली यायला? पण पावलं रोज उमटायची आणि मी शाळेला निघेपर्यंत पंख्याच्या वाऱ्याने पुसटही व्हायची.

८४ सालचा तो चातुर्मास मला जड गेला. एकभुक्त होते, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, आणि तेही मौनाने. जेवताना तोंडून शब्द गेला की ताट सोडून उठायचं, मग त्या दिवशी पुढे काही नाही. घरी जेवायला वेळ मिळायचा नाही. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून मी डबा खायची. सगळ्यांना ते माहीत होतं. त्या वेळी माझ्याशी कोणी बोलायचं नाही.

श्रावण संपता संपता आमचे हेडमास्तर, जयवंत सर, वर्गात आले. मुलुंडला एका वाचनालयाच्या सभागृहात उपनगरातल्या शाळांचं प्रदर्शन होतं. मराठीच्या पुस्तकातला एक धडा घ्यायचा आणि त्याचा आशय सांगणारं पोस्टर करायचं. प्रत्येक वर्गाचं एकच पाठवायचं.

"झकास झालं पाहिजे, बाई," सर म्हणाले. "लांबून दिसलं पाहिजे."

मी मराठीची शिक्षिका. मला चित्रातलं काय कळणार? पण चित्रकलेच्या मास्तरांची बदली झाली होती आणि जागा रिकामीच होती. नववी 'ब'च्या मुलींना मी खाडीवरच्या नावाड्याचा धडा दिला. खाडीवर पूल होतो, सगळे पुलावरून जायला लागतात. पण म्हातारा रोज तिन्हीसांजेला कंदील लावून होडी पलीकडे नेतो. भांडून गेलेला त्याचा भाऊ परतला तर त्याच काठावर उतरेल, म्हणून.

आठवड्याने कागद गोळा केले. सगळ्यांवर होडी. होडीमागे बुडता सूर्य, बाजूला माड. निम्म्याजणी मनोरीच्या फेरीबोटीत बसून आलेल्या, त्यामुळे होड्या मात्र नीट होत्या. खाली सुवाच्य अक्षरात सुविचार.

"छान आहेत गं," मी म्हटलं. "पण मला सांगा, धडा कशाबद्दल आहे?"

"होडीबद्दल," सगळ्या एका सुरात.

मी खुर्चीत बसले. पाय भरून आले होते. कसं सांगावं ते सुचेना, मग मी फळ्यावर खडूने गोपद्म काढलं. दोन खूर, बस्स.

"हे काय आहे?"

"गाईचा पाय," अनुपमा म्हणाली. वर्गात तिचं चित्र सगळ्यांत देखणं होतं.

"गाय कुठे आहे?"

"गेली असेल पुढे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला.

"तेच. गाय काढली नाही तरी कळलं ना? मग होडी काढू नका. म्हातारा रोज काय करतो?"

"वाट बघतो," सुलक्षणा हळूच म्हणाली. ती खिडकीशी बसायची. वर्गात क्वचितच बोलायची.

"मग वाट बघणं काढा. तुम्ही कोणाची वाट बघताना काय बघितलंय, ते काढा. आणि कागदावर गर्दी करू नका. जितकं कमी, तितकं लांबून दिसतं."

बहुतेकजणींनी पुन्हा होडीच काढली. माड तेवढे कमी केले. मला रागवायचं त्राण नव्हतं.

सुलक्षणाने कागदभर काळा रंग दिला होता. मधोमध एक स्टीलचं ताट, त्यावर दुसरं ताट झाकलेलं. शेजारी पाण्याचा तांब्या. खाली पांढऱ्या रंगाने चार शब्द: जेवण निवलं तरी चालेल.

अनुपमाने वाकून बघितलं. "हे काय गं, खानावळीची पाटी?"

"तू तुझे माड बघ ना," सुलक्षणा म्हणाली.

मी तो कागद गठ्ठ्यातून वेगळा काढून ठेवला. शाळा सुटल्यावर ती माझ्यासाठी थांबली.

"बाई, हे जाईल ना मुलुंडला?"

"मुलुंडलाच का गं?"

ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागली. "माझे पप्पा तिकडे असतात."

तिच्या वडिलांचं, गुणाजींचं नाव हजेरीपटात रोज माझ्या डोळ्यांसमोरून जायचं, पण माणसाबद्दल मला काही माहीत नव्हतं. ते गिरणीत होते, तिने सांगितलं. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. काम शोधायला म्हणून गेले ते घरी आलेच नाहीत. गावी शेतीला गेलेत, असं आई शेजाऱ्यांना सांगायची. पण त्यांच्या गल्लीतल्या धाकूकाकांनी त्यांना मुलुंडला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमनच्या कपड्यात पाहिलं होतं. फाटकासमोरच ते वाचनालय. ड्युटी झाली की ते तिथे पेपर वाचत बसतात.

"धाकूकाकांनी हाक मारली तर पप्पा आत निघून गेले. कुठल्या तोंडानं घरी जाऊ, असं त्यांना वाटत असेल." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "आई रोज ताट झाकते, बाई. सकाळी तेच आम्ही खातो. त्यांना माहीतच नाही ते. चित्र बघितलं तर कळेल ना?"

मला वाटलं, तो माणूस ते बघेलच कशावरून? बघितलं तरी उठून येईल? पण हे पंधरा वर्षांच्या मुलीला सांगायचं कोणी?

"लागेल," मी म्हटलं. "तुझंच लागेल."

सरांना मी दुसऱ्या दिवशी सांगणार होते. दुसऱ्या दिवशी ते रजेवर होते. त्याच्या पुढच्या दिवशी, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत ते स्वतःच स्टाफरूममध्ये आले. हातात दोन कागद आणि मागे शिपाई दादू. माझा डबा उघडा होता. दोनच घास राहिले होते.

"बाई, नववी 'ब'चं हे माडांचं पाठवतो. हे दुसरं कोणी काढलं? धड्यात ताट कुठाय? लोक हसतील. चालेल ना?"

मी मान हलवली. नाही, अशी. पण पाठमोरी होते, आणि सर कागद गुंडाळत होते. हात वर केला, तो खरकटा. बोलले असते तर ताट सोडावं लागलं असतं, एवढंच. आदल्या दिवशी कुकर बिघडला म्हणून जेवण झालं नव्हतं. पोटात नुसता खड्डा. घास गिळते आणि सांगते, असं मनात म्हटलं.

"चला, बाईंची हरकत नाही," सर म्हणाले. "दादू, साडेबाराची बस पकड."

हात धुऊन मी फाटकापर्यंत गेले. दादू गेला होता.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, ताटाचं जायला हवं होतं."

"अहो, मग बोलायचं ना! तुम्ही तर गप्प."

"मी जेवत होते."

"हो, तेही खरं." ते अवघडून हसले. माणूस वाईट नव्हता. "आता नावं गेली. तिथे आपल्याला तेवढीच जागा. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. मी बाहेर आले आणि जिन्यात कठड्याला धरून उभी राहिले. नेम मोडू नये म्हणून गप्प बसले, आणि दिलेला शब्द मोडला. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या? त्यांनी मौन कधी धरलं नाही. त्या जेवताना उभ्या गल्लीशी बोलायच्या.

शनिवारी सुलक्षणा वर्गाच्या दारातच उभी. वेणीला नवी रिबीन.

"बाई, गेलं ना?"

"उद्या जाईल," मी म्हटलं.

"उद्या तर प्रदर्शन सुरूच होतंय!"

"म्हणूनच. उद्या लागेल."

ती मान डोलावून बाकावर जाऊन बसली. तिने विश्वास ठेवला, आणि त्याचंच मला ओझं झालं. शाळा सुटल्यावर, सरांनी परत दिलेला तिचा कागद कपाटातून काढला आणि घरी आणला.

रविवारी पहाटे गोपद्मं काढली. दोन-चार पावलं फाकली. पुन्हा काढली नाहीत. स्वयंपाक केला, नैवेद्य दाखवला. ड्रॉइंग पिनांची डबी पर्समध्ये टाकली, कागदाच्या गुंडाळीवर प्लास्टिकची पिशवी चढवली. बाहेर आभाळ भरलेलं होतं.

शरच्चंद्र, आमचे हे, पेपर वाचत होते. "कुठे निघालीस?"

"मुलुंडला."

"रविवारी? कोण आहे तिथे?"

"एक चित्र लावायचंय."

"त्यांनी नाही लावू दिलं तर?"

"दाराबाहेर उभी राहीन हातात धरून. कारखान्याचं फाटक समोरच आहे म्हणे."

माझ्या तोंडून हे कसं निघालं, मलाच कळेना. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी कुठे ठाण मांडून उभी राहीन असं त्यांना कधी वाटलं नसावं.

"जेवून तरी जा. वेळ टळली तर आज उपास घडेल तुला."

"आल्यावर बघू."

मी चपला घालत होते. आत भांड्याचा आवाज झाला. माझं वाढलेलं ताट त्यांनी ओट्यावर सरकवलं आणि वर दुसरं ताट ठेवलं.

गुंडाळी छातीशी धरून, कठड्याचा आधार घेत, मी जिना उतरायला लागले.